खांब नंबर सतरा

वीज खात्यात एकतीस वर्षं लाइनमन होतो.
कुडचड्याचे खांब मला तोंडपाठ,
सतरा नंबरचा तर घरातल्यासारखा:
वाड्याच्या तोंडाशी, व्हाळावरच्या पुलाला टेकून,
खनिजाच्या ट्रकांनी कमरेपर्यंत तांबडा केलेला.

त्याचा दिवा मी नऊ वेळा बदलला.
आठव्या वेळी शिडीवरून खाली पाहिलं
तर बुंध्याशी बसून तिघे पत्ते वाटत होते.
म्हणाले, "बाब, घाई कसली?
उजेड उद्या लावलात तरी चालेल."

तोवर तिथे बरंच जमलं होतं.
फाटकी गादी. शहाळ्यांच्या कवट्या.
दार नसलेला फ्रिज, त्यात मांजरीची पिलं.
उर्राकच्या दिवसांत बाटल्या,
इतर दिवसांतही बाटल्याच.
मग मिंगेलच्या स्कूटरमधलं पेट्रोल जाऊ लागलं.
मग दुलब्याच्या मुलीनं क्लासवरून येताना
लांबचा रस्ता धरला, चर्चकडचा,
आणि कारण कुणाला सांगितलं नाही.
मग चतुर्थीच्या आदल्या रात्री
माटोळीचं सामान दोन्ही हातांत घेऊन येणाऱ्या
सत्यवतीच्या गळ्यातली साखळी.
हात मोकळे नव्हते, एवढंच ती सांगत राहिली,
जणू चूक हातांची.

पालिकेनं फलक लावला: कचरा टाकल्यास दंड.
त्यानं एक सोय झाली,
नेमकं कुठे टाकायचं ते नवख्यालाही कळू लागलं.
मग भिंतीवर टाइल्स बसवल्या,
एक गणपती, एक खुरीस, एक मक्का.
मुतणारे तिघांनाही टाळून
दोन पावलं पुढे सरकले.
श्रद्धा आहे लोकांत, नाही म्हणता येणार नाही.

शेवटी तक्रार दिली.
मसुदा माझा, कारण अक्षर चांगलं.
'बाहेरून आलेल्या लोकांमुळे' हे शब्द माझे.
सत्तेचाळीस सह्या. पोलीस आले
आणि मौनेशला जीपमधून घेऊन गेले,
पोतं पाठीवर टाकून बाटल्या वेचणारा पोरगा,
तेरा-चौदाचा असेल.
रात्री सोडला. पोतं तिकडेच राहिलं.
त्या कोपऱ्यातून काही उचलून नेणारा
तो एकटाच होता.
बाकी आम्ही सगळे ठेवणारे.

आता सांगतो.

बायकोचं बारावं झालं त्याची गोष्ट.
पत्रावळी, उरलेला भात, खतखतं,
आणि कचऱ्याची गाडी तीन दिवस आलेली नाही.
घरात वास सुटला होता.
तिच्या माणसांसमोर तो वास मला नको होता.
रात्री अकराला निघालो. सतरावर दिवा लख्ख.
मी लाइनमन. पेटी उघडली, फ्यूज काढला,
अंधार केला,
आणि पिशवी ठेवली. टाकली नाही, ठेवली,
कुणी देवळाच्या पायरीवर मूल ठेवावं तशी,
मागे न बघता.

फ्यूज सकाळी परत लावणार होतो.
सकाळी तिथे पाच पिशव्या होत्या.
त्यांच्यात माझी कुठली, मलाही सांगता आलं नाही,
आणि खरं सांगू, बरं वाटलं.
आठवड्यानं लावला.
त्याच रात्री दिव्यावर पहिला दगड.

दगड कुणी मारला ते मला माहीत नाही.
अंधार कुणी शिकवला ते माहीत आहे.

काल पहाटे झाडू आणि घमेलं घेऊन गेलो.
अर्धा तास झाडलं, कंबर धरली.
मौनेश पुलाच्या कठड्यावर बसून बघत होता.
नवं पोतं होतं त्याच्याकडे, सिमेंटचं.
मी काहीतरी बोलणार होतो, तयारीही केली होती.
तोच म्हणाला,
"काचा वेगळ्या ठेवा."

ठेवल्या.